अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे कट होतायत? ऑटो-रिन्यूबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, सबस्क्रिप्शन घेताना एक बटण आणि सोडताना नाकी नऊ. त्यातले काही निवडून उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, मुलाच्या अभ्यासासाठी एक अ‍ॅप सात दिवस फ्री म्हणून घेतलं होतं, त्याला आवडलं नाही म्हणून ट्रायल संपायच्या आतच काढून टाकलं. तरी ऑटोपेने पैसे गेले आणि पुढच्या महिन्यात परत गेले. आता फोनमध्ये अ‍ॅपच नाही तर बंद कुठून करू?

उत्तर: अ‍ॅप काढल्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते, सबस्क्रिप्शन आहे तिथेच असतं. आधी बघा पैसे कोणत्या वाटेने गेलेत. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथे तुमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव आणि त्यात सबस्क्रिप्शन्स, इथून कॅन्सल होतं आणि त्यासाठी ते अ‍ॅप फोनमध्ये असायची गरज नाही. तुम्ही ऑटोपे म्हणताय म्हणजे यूपीआयवर मँडेट, म्हणजे ठरलेल्या वेळी पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी, दिलेलं असणार, तर ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन टाकून ते मंजूर केलं होतं त्याच अ‍ॅपच्या ऑटोपे सेक्शनमध्ये ते दिसेल, तेही रद्द करून टाका. फ्री ट्रायल सोडायची असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नये, अ‍ॅपल तर स्पष्टच सांगतं की किमान २४ तास आधी कॅन्सल करा.

गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही, पण प्ले स्टोअर आणि अ‍ॅपल दोघांकडे रिफंड मागायची सोय आहे, ती वापरा आणि लगेच वापरा. ट्रायल संपून पैसे लागू होताना तुम्हाला काहीच कळवलं नसेल तर तेही लिहा, कारण असं गुपचूप बिलिंग आपल्याकडे डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकाला फसवायच्या ऑनलाइन युक्त्यांमध्ये, मोडतं (त्याबद्दल खाली येतंच आहे).

प्रश्न: क्रेडिट कार्डवर एका सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन आहे. बँकेला सांगितलं थांबवा, तर म्हणतात कंपनीशी बोला. कंपनीला मेल केला तर उत्तरच नाही. मी कोणाच्या मागे लागू?

उत्तर: दोघांच्या, पण आधी बँकेच्या, कारण तिथे तुमची बाजू लोकांना वाटते त्यापेक्षा खूप पक्की आहे.

रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाले, तेव्हा आठवत असेल, अनेकांची ऑटो पेमेंट्स धडाधड फेल झाली होती आणि सगळे वैतागले होते. पण त्या नियमांनी ग्राहकाच्या हातात बरंच काही दिलंय. पैसे कट व्हायच्या किमान २४ तास आधी बँकेकडून एसएमएस किंवा मेल यायलाच हवा, त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि कशासाठी हे सगळं हवं, आणि त्यातूनच तेवढं एक पेमेंट किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय हवी (ओटीपी वगैरे टाकावा लागतो, ते ठीकच आहे). मँडेट केव्हाही मागे घेता आलं पाहिजे आणि त्यासाठी बँकेने ऑनलाइन सोय द्यायची आहे, या सुविधेचे पैसे घ्यायचे नाहीत. १५,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट दरवेळी ओटीपी न विचारता जातं, ही मर्यादा २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. इन्शुरन्सचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डचं बिल याला मात्र १ लाखापर्यंत सूट आहे, आणि फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला तो २४ तास आधीचा मेसेजही लागत नाही.

त्यामुळे "कंपनीशी बोला" हे बँकेचं उत्तर होऊच शकत नाही. नेटबँकिंगमध्ये कार्डच्या सेक्शनमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असं काहीतरी असतं तिथे बघा, नाही सापडलं तर लेखी तक्रार करा आणि तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस पोर्टलवरून तक्रार करता येते, फी नाही, वकीलही लागत नाही. फोनवर झालेल्या बोलण्याला काडीची किंमत नसते, सगळं लेखी ठेवा.

प्रश्न: कॅन्सलचं बटणच सापडत नाही. शेवटी कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी प्रत्येक वेळी नवीन ऑफर देते आणि कॅन्सल काही करत नाही. हे कायदेशीर आहे का हो?

उत्तर: नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि त्यातल्या एकाचं नावच सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे. कॅन्सलचा पर्याय लपवणं, प्रोसेस मुद्दाम लांबलचक करणं, सूचना गोंधळात टाकणाऱ्या देणं, एवढंच काय फुकट सबस्क्रिप्शनसाठी कार्ड डिटेल्स किंवा ऑटो डेबिटची परवानगी सक्तीने मागणं, हे सगळं त्यात येतं. आता हे शेवटचं वाचून हसू येईल, कारण सगळीकडे राजरोस चालू आहे. नियम चांगले आहेत, अंमलबजावणी मात्र आपण तक्रार केली तरच हलते.

त्या मुलीशी वाद घालू नका, तिला तेच बोलायचा पगार आहे. कंपनीच्या साइटवर ग्रीव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, मेल असतो (ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तो द्यावाच लागतो), त्याला तारीख घालून दोन ओळी लिहा की आजपासून सबस्क्रिप्शन रद्द करतोय, पुढे पैसे घ्यायला माझी संमती नाही. पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. नाहीच झालं तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, नंबर १९१५, बऱ्याच कंपन्या तिथून पत्र गेलं की एकदम समजूतदार होतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथेच ई-जागृती पोर्टलवरून केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बटण शोधताना आलेल्या प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट ठेवा, पुरावा तोच. (जर्मनीत जुलै २०२२ पासून साइटवर कॅन्सलचं बटण समोर दिसेल असं ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे कधी, बघू.)

प्रश्न: जिमची वर्षाची मेंबरशिप, हप्ता दरमहा बँकेतून जायचा. पाठदुखीमुळे जाणं बंद केलं आणि बँकेत जाऊन मँडेट रद्द केलं. आता जिमवाले उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतायत. मित्र म्हणाला होता खात्यात पैसेच ठेवू नको, आपोआप बंद होईल. तसं करायला हवं होतं का?

उत्तर: मित्राचं अजिबात ऐकू नका. खात्यात पैसे नाहीत म्हणून मँडेट परत गेलं तर बँक दंड लावतेच, वर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखी फौजदारी केसही होऊ शकते. तुम्ही रीतसर रद्द केलंत ते बरं केलंत.

पण मँडेट रद्द म्हणजे करार रद्द नाही, आणि गाडं इथेच अडतं. बँकेला तुम्ही फक्त पैसे देऊ नका म्हणालात, जिमशी केलेला करार अजून उभाच आहे. सही केलेला फॉर्म काढा, नोटीस किती दिवसांची आहे, तब्येतीच्या कारणासाठी काही सूट आहे का ते बघा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी कळवा. बहुतेक वेळा मधल्या रकमेवर मिटतं, आणि माझ्या मते मिटवावं. अट अगदीच एकतर्फी असेल, म्हणजे त्यांच्या नुकसानाच्या मानाने दंड अवाच्या सवा असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागता येते, फक्त ती जिल्हा नाही तर राज्य आयोगाकडे, त्यामुळे थोड्या पैशांसाठी तिथवर जायचं का हा विचार तुम्हीच करा.

प्रश्न: जुनं कार्ड ब्लॉक केलं की सगळी सबस्क्रिप्शन्स बंद होतात ना?

उत्तर: त्यावर विसंबू नका. पैसे कदाचित थांबतील, सबस्क्रिप्शन थांबलं असं नाही. आधी कॅन्सल करा, मग कार्ड.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेलं काहीही १४ दिवसांत परत करता येतं असं वाचलं, खरं का?

उत्तर: ते युरोपियन युनियनमध्ये, आणि तिथेही अपवाद आहेत. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, कंपनीची रिफंड पॉलिसी काय म्हणते तेच बघावं लागतं, आणि तेही पैसे भरायच्या आधी.