तेवीस कॅमेरे, नऊ लाख आणि एक सोनेरी ‘लायका’

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४९, खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार, घराचा हप्ता अजून सहा वर्षं. मुलगी अकरावी सायन्सला. बारा वर्षांपासून जुने रेंजफाइंडर कॅमेरे (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे) जमवायचा नाद, घरात १४ आहेत. महिन्यातल्या एका रविवारी दादरला पंधरा-वीस समानधर्मी जमतात. त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका गणपतीच्या आधी वारले. त्यांचे २३ कॅमेरे मुलगा ९ लाखांत द्यायला तयार आहे, पण एकगठ्ठा आणि फक्त ह्यांनाच, कारण ‘तुम्ही सांभाळाल’. बाजारभावाने बेरीज ११ लाख ८५ हजार होते, तक्ता आणि फोटो सोबत. मुलीच्या शिक्षणाची ६ लाखांची एफडी मोडायची, ३ लाखांचं पर्सनल लोन काढायचं, आणि दोन वर्षांत ॲडमिशनच्या वेळी निम्मे कॅमेरे विकून पैसे जागच्या जागी ठेवायचे, असा बेत. विचारतात, ही गुंतवणूक योग्य आहे का?

नमस्कार.

हौसेला मोल नसतं म्हणतात. तुम्ही ते प्रत्येक कॅमेऱ्यापुढे एक्सेलमध्ये लिहून पाठवलंत, तेव्हा आधी तक्ताच बघू या.

ओळ तिसरी: ‘लायका, सोनेरी, बर्लिन ऑलिंपिक १९३६, अत्यंत दुर्मिळ – १,७५,०००’. तुमचा सातवा फोटो मोठा करून बघा. लेन्स काढून समोरून घेतलाय, ते फार बरं केलंत. लेन्सच्या गोलाच्या आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची दांडी दिसते. लेन्स पुढेमागे होते तशी ही दांडी हलते आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात, सगळी जादू तिथे आहे. खऱ्या लायकाच्या, म्हणजे मूळ जर्मन कॅमेऱ्याच्या, दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं. तुमच्या फोटोत चाक नाही, नाकासारखी तिरकी जीभ आहे. ती जीभ ‘फेड’ किंवा ‘झोर्की’ची. फेड म्हणजे युक्रेनमधल्या खारकिव्हला १९३४ पासून बनू लागलेली लायकाची नक्कल. नाव फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकावरून. झोर्की १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कची. असल्या कॅमेऱ्यांवरचं रशियन नाव घासून काढायचं, वर ‘लायका’ आणि ऑलिंपिकची वर्तुळं कोरायची, सोनेरी मुलामा द्यायचा आणि पर्यटकाच्या गळ्यात मारायचा, हा जुना धंदा आहे. काकांना ते ठाऊक असणार. बारा वर्षं ह्या नादात असून तुमच्या नजरेतून कसं सुटलं, ह्याचं मला नवल वाटत नाही. वस्तू हवीशी झाली की डोळे तेवढंच बघतात. गंमत म्हणून शोकेसमध्ये ठेवायला झकास आहे. मी १० हजार धरतो.

तुमच्या बेरजेतून १ लाख ६५ हजार गेले.

पुढे शेवटचे सोळा. यॅशिका इलेक्ट्रो ३५ तीन, कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक, झोर्की ४, फेड २, किएव्ह वगैरे. ह्यांना मिळून तुम्ही ३ लाख ४५ हजार लावलेत, म्हणजे नगाला साडेएकवीस हजार. हे आकडे तुम्ही परदेशी विक्रेत्यांच्या जाहिरातींतून उचललेत. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, भाव नव्हे. शिवाय तिकडचा विक्रेता कॅमेरा तपासून देतो, नापसंत पडला तर परत घेतो. तुम्ही ‘बहुतेक चालू असावेत’ लिहिलंय. इलेक्ट्रो ३५ मला घरचा माहीत आहे, वडिलांचा होता. लेन्स ४५ मिलिमीटर, एफ १.७, आजही काय चित्र काढते! पण आतला एक इवलासा रबरी तुकडा वयानुसार भुगा होतो आणि एक्स्पोजरचं गणित कोलमडतं. फिल्म पुढे सरकवताना आतून ‘ठक’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर रबर गेलं असं समजायचं. पाऱ्याची ५.६ व्होल्टची मूळ बॅटरी आता मिळत नाही, चार बटणसेल आणि स्प्रिंगचा जुगाड करावा लागतो. तिन्ही इलेक्ट्रोंची ‘ठक’ ऐकलीत का? सोळा नगांना सरासरी सात हजार धरून मी १ लाख १२ हजार देईन, तेही हात सैल सोडून.

आता खरे मोहरे. लायका एम३ आणि ५० मिलिमीटरची सुमिक्रॉन लेन्स, तुमच्या हिशेबाने २ लाख ६० हजार. ह्या भावाशी माझं भांडण नाही. १९५४ साली आलेला हा कॅमेरा. काकांचा सिंगल स्ट्रोक आहे, फिल्म एकाच हिसक्यात पुढे सरकते, म्हणजे १९५८ च्या आसपासचा किंवा नंतरचा. फाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, इतका मोठा आणि स्वच्छ की दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. पण तुम्ही मोबाइल टेकवून फाइंडरमधला जो फोटो घेतलाय, त्यात मधला उजळ चौकोन जवळजवळ काळा आहे. तुम्ही ‘सर्व्हिसिंगला होईल’ म्हणून सोडून दिलंय. ही धूळ नाही. एम३ च्या प्रिझमचे काचेचे भाग बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवलेले असतात. धक्क्याने किंवा वयाने तो जोड सुटला की चौकोन काळवंडतो आणि फोकस करता येत नाही. मूळ प्रिझम दुर्मिळ आहे. तुमचा दुरुस्तीवाला ‘उघडल्यावर सांगतो’ म्हणाला ना? माझ्या अनुभवात सगळ्यांत महागडी दोन वाक्यं म्हणजे डॉक्टरांचं ‘एकदा बघून घेऊ’ आणि हे. त्यासाठी ४० हजार बाजूला काढा. बाकीच्यांची बुरशी, शटरच्या पडद्याची भोकं, एका सेकंदावर अडकणारी चक्रं ह्यांसाठी ३० हजार.

लायका थ्रीएफ आणि एल्मार लेन्सचे ९५ हजार, आणि काँटॅक्स टूए, निकॉन एस२, कॅनन पी, कॅनन ७ ह्या चौघांचे मिळून ३ लाख १० हजार, हे तुमचे आकडे मी तसेच ठेवले. नवी बेरीज ७ लाख ८७ हजार. दुरुस्ती वजा केल्यावर ७ लाख १७ हजार. त्यासाठी तुम्ही ९ लाख मोजणार आहात.

आणि ९ तरी कुठे? पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी धरलं तर हप्ता १० हजार १०० च्या आसपास, नुसतं व्याज ६४ हजार. एफडी सात टक्क्यांची आहे, मोडली नाही तर पुढच्या वीस महिन्यांत कराआधी ७३ हजारांच्या घरात देईल. ते गेले, वर मुदतीआधी मोडण्याचा दंड वेगळा. दोन्ही धरून संग्रहाची तुम्हाला पडलेली किंमत १० लाख ३७ हजार. नफ्याचं राहू द्या, तोट्यात न जाण्यासाठीच तो तिथवर चढायला हवा.

मला खरी भीती भावाची नाही, गिऱ्हाइकाची आहे. दोन वर्षांनी जूनमध्ये कॉलेज फी भरायला आठ दिवस देईल. तेव्हा निकॉन एस२ कोण घेणार? तुमच्याच रविवारच्या मंडळीतले पंधरा-वीस जण. तुम्ही काकांचा संग्रह कितीला घेतलात हे त्यांना माहीत, तुमच्या मुलीची ॲडमिशन आहे हेही माहीत. माणसं चांगली आहेत हो. उसनी लेन्स देतात, फिल्म धुवायचं रसायन निम्मं-निम्मं वाटून घेतात. पण घाईतल्या विक्रेत्याकडून भाव पाडून घेणं हे चांगली माणसंही करतात. महिन्याभरात विकायचं तर वीस टक्के कमी धरा, म्हणजे ७ लाख १७ हजारांचे पावणेसहाच्या आत-बाहेर. आणि हे गिऱ्हाईक साठीकडे झुकलेलं आहे. नवीन पोरं येतात, फिल्मची हौस त्यांनाही आहे, पण ती चालू स्थितीतला एक कॅमेरा आणि परवडणारे रोल मागतात. शोकेससाठी तीन इलेक्ट्रो कोणी मागत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही २०२२ च्या लिलावाचं कात्रण जोडलंय. जर्मनीत वेत्स्लारला लायकाच्या शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, ते खरं आहे. तो खुद्द लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक ह्याच्या वापरातला होता. त्या मालिकेत दोन डझनही कॅमेरे नाहीत. एम३ दोन लाखांहून जास्त बनले. कोहिनूर महाग झाला म्हणून गल्लीतल्या सराफाकडची चमकी महाग होत नाही.

कराचं पटकन सांगतो. स्वतः वापरायचा कॅमेरा ही वैयक्तिक वापराची वस्तू. ती विकून आलेल्या नफ्यावर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण ‘गुंतवणूक म्हणून घेतले, निम्मे विकणार’ असं तुम्ही स्वतःच लिहिता तेव्हा हे कारण लंगडं पडतं. मग चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफ्यावर साडेबारा टक्के, महागाईची सूट नाही. सतत घेणं-विकणं चाललं तर तो धंदाच धरला जाईल. सीएला विचारून घ्या.

माझं उत्तर: एफडीला हात लावायचा नाही, कर्ज काढायचं नाही, गठ्ठा घ्यायचा नाही. एम३ मात्र घ्या.

काकांच्या मुलाला जाऊन भेटा आणि सोनेरी कॅमेऱ्याचं खरं काय ते आधी सांगा. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि उद्या दुसऱ्याकडून कळलं तर त्याला वाटेल तुम्हीही जाणून होतात. मग म्हणा, सगळे मी घेत नाही, पण सगळे नीट मार्गी लावून देतो. प्रत्येक नगाची तपासणी, चार फोटो, दोष लपवायचे नाहीत, किंमत ठरवलेली. आधी तुमचा रविवारचा गट, मग बंगळुरू-कोलकात्याच्या ओळखी. पैसे थेट मुलाच्या खात्यात. सहा-आठ महिने लागतील. सुट्या विक्रीतून त्याला कदाचित ९ लाख मिळणार नाहीत, पण त्याला घाई नाही, तुम्हाला असणार होती. ह्या खटपटीच्या बदल्यात एम३ वर पहिला हक्क तुमचा. आहे त्या स्थितीत त्याचे २ लाख २० हजार होतात. दिवाळीचा बोनस दीड लाख येतो असं तुम्ही लिहिलंय. उरलेल्या सत्तर हजारांसाठी घरातल्या चौदांपैकी जे पाच ‘तीन वर्षांत हातात घेतले नाहीत’ ते काढा. निम्मे आता, निम्मे दिवाळीनंतर असं मुलाला विचारायला हरकत नाही.

वहिनींना तक्ता दाखवलाय का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून विचारतो. काकांच्या मुलाची आज जी अवस्था आहे, घरात २३ वस्तू आणि कुठली काय ते कळत नाही, तीच उद्या तुमच्या मुलीची होऊ नये. प्रत्येक कॅमेऱ्याचा नंबर, कितीला घेतला, कोणाला विचारायचं, एवढं एका वहीत लिहून ठेवा. घराच्या विम्यात असल्या वस्तूंची वेगळी यादी द्यावी लागते, तीही बघा. आणि कॅमेरे चामड्याच्या पेट्यांतून बाहेर काढा. ठाण्याच्या पावसाळ्यात त्या पेट्या म्हणजे बुरशीची रोपवाटिका. चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता राखणारं ड्राय कॅबिनेट एम३ च्या आधी घरात यायला हवं.

अजून एक. चौदाव्या फोटोतल्या कॅनोनेटचा, काढलेले फोटो मोजणारा आकडा १९ वर थांबलाय. पाठ उघडली की तो शून्याला येतो, म्हणजे काकांनी मध्येच ठेवलेला रोल आत असू शकतो. कोणीही मागचं झाकण उघडायच्या आधी रिवाइंडची कळ हलकेच फिरवून बघा. ताण लागला तर तळाचं बटण दाबून पूर्ण गुंडाळून घ्या, धुवायला द्या, आणि जे निघेल ते मुलाकडे पोचवा. कॅमेऱ्यांचं बोलणं त्यानंतर काढा.