स्कॅन लावलं की नुसते आकडे पळतात, नाहीतर खरखरीवर अडकून बसतं

मुलुंडच्या आपल्या नव्या व्हीयू३ वाल्याने, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स नुकतंच घेतलेल्या पोराने, विचारलंय की काका, यूव्ही-५आर या हातातल्या वायरलेस सेटवर (हँडीवर) स्कॅन लावलं की पाऊण तास नुसते आकडे पळतात, आणि थांबलंच तर खरखरीवर थांबतं, सेट बिघडलाय का? नाही रे बाबा, सेट ठणठणीत आहे, तूच त्याला अख्खा डोंगर पोखरायला लावलायस.

हिशेब बघ. तू व्हीएफओ मोडमध्ये (कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर फिरता येतं तो मोड) असताना स्टारचं बटण दाबून धरतोयस, म्हणजे तो १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं चाळत बसतो. स्टेप, म्हणजे एका उडीचं अंतर, ५ किलोहर्ट्झची असेल तर ७६०० थांबे. आणि हा सेट सेकंदाला जेमतेम तीन थांबे घेतो. म्हणजे एका फेरीला ४० मिनिटांच्या वर, तेवढ्यात तू स्लो लोकलने दादरला उतरून वडापाव खाशील. मधल्या वेळात १४५.५०० वर कोणी दहा सेकंद सीक्यू (कोणी आहे का अशी हाक) मारून गप्प झाला तर तो तुला कसा सापडणार? आणि आपला दोन मीटरचा बँड आहे केवढा, १४४ ते १४६. म्हणजे ३८ मेगाहर्ट्झ चाळायचे आणि त्यातले आपल्या कामाचे फक्त २.

उरलेल्या ३६ चं अजून एक सांगतो. मुंबईत बंदर आहे, जहाजांचं चॅनल १६ म्हणजे १५६.८०० तिथेच आहे, बाकी पण बऱ्याच जणांचं कामाचं बोलणं तिथे चालू असतं. आपलं लायसन्स हौशी बँडचं आहे. दुसऱ्यांचं ऐकत बसायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं, हे अजिबात करू नकोस, मजा म्हणून पण नाही. नवीन पोरं इथेच फसतात.

मग करायचं काय तर मेमरी स्कॅन, म्हणजे आधी साठवलेल्या फ्रिक्वेन्सीच फक्त चाळायच्या. माझ्या हँडीत १२८ मेमऱ्या आहेत, तुझ्याही तेवढ्याच, पण मी भरल्यात फक्त पंधरा. तुला ऐकू येणारे रिपीटर (आपलं बोलणं उचलून लांबवर पुन्हा सोडणारी स्टेशनं), १४५.५००, स्पेस स्टेशनचा १४५.८००, पॅकेटचा, म्हणजे डेटाचा, १४५.८२५, आणि तुमच्या मित्रमंडळींच्या दोनचार सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायच्या) फ्रिक्वेन्सी. पंधरा थांबे म्हणजे पाच सेकंदात एक फेरी. ४० मिनिटं कुठे आणि पाच सेकंद कुठे! रिपीटर भरताना रिसीव्हला त्याचा आउटपुट टाकायचा, इनपुट ६०० किलोहर्ट्झ खाली असतो, तो फरक ऑफसेटमध्ये जातो, टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) विसरू नकोस. मग व्हीएफओ/एमआर बटणाने मेमरीवर ये आणि तोच स्टार दाबून धर. कुठलीही की दाबली की थांबतं.

एखादी मेमरी स्कॅनमधून वगळायची असेल तर या सेटवर कीपॅडवरून ते होत नाही. मी पण आधी तासभर मेनू धुंडाळला होता. केबल लावून कॉम्प्युटरवर चर्प (मेमऱ्या भरायचं सॉफ्टवेअर) उघडायचं आणि त्या ओळीच्या स्किपच्या रकान्यात एस टाकायचा. १४५.८२५ ला मी एस टाकलाय कारण तिथे डेटाची चिरचिर असते, पाहिजे तेव्हा हाताने जातो.

आता अडकण्याचं. मेनू १८ उघड, एससी-रेव्ह. तिथे तीन पर्याय आहेत. टीओ म्हणजे सिग्नल मिळाला की थांबतो आणि ठराविक सेकंदांनी पुढे जातो, समोरचा बोलत असला तरी. सीओ म्हणजे सिग्नल आहे तोवर थांबतो, गेला की पुढे. एसई म्हणजे सापडलं की स्कॅनच संपलं. तुझा सेट बहुतेक सीओवर आहे, आणि घरातल्या कुठल्यातरी चार्जरचा नाहीतर एलईडीचा कॅरिअर (सतत चालू राहणारा नुसता सिग्नल) त्याला मिळालाय. तो काय कधी जाणार नाही, म्हणून गडी तिथेच. टीओवर टाक, निदान पुढे सरकेल. पण टीओचा त्रास असा की गप्पा अर्ध्या ऐकू येतात, एकाचा प्रश्न ऐकलास की उत्तर यायच्या आत सेट पुढच्या स्टेशनात. सीओचं उलटं, पहिल्याने पीटीटी (बोलायचं बटण) सोडलं की लगेच पळतो आणि दुसऱ्याचं उत्तर हुकतं. म्हणून माझं असं, काम करता करता कानावर ठेवायचं तर टीओ, आणि इंटरेस्टिंग काही लागलं की स्कॅन थांबवून तिथेच बसायचं.

आमच्याकडे तर असा एक कॅरिअर वर्षभर होता. शेवटी एका रविवारी घरातला मेन स्विच पाडला, तरी तो तसाच. मग हँडी हातात घेऊन जिन्यात वर खाली फिरलो, दुसऱ्या मजल्याच्या दिव्याखाली मीटर फुल्ल! सेक्रेटरींना एक दिवा बदला म्हणून सांगायला तीन मीटिंगा लागल्या, त्यांना वाटलं मी चोरवायर शोधतोय. बदलला आणि दुसऱ्या दिवशी कॅरिअर गायब. तू पण आधी मेन स्विचवाली टेस्ट कर, फुकट आहे.

कधी बँडच चाळावासा वाटला, म्हणजे समुद्रावर हवेचे थर बसून लांबचे रिपीटर यायला लागले वगैरे, तर मेनू १ मध्ये स्टेप १२.५ कर. १४४ ते १४६ मध्ये १६० थांबे होतात, तरी मिनिटभर लागतोच, आणि १४६ ला पोचला की हाताने परत १४४ वर आण. ५ च्या स्टेपला अजून एक भानगड, रिसीव्हरचा फिल्टर रुंद असल्यामुळे स्टेशनच्या आधीच्या थांब्यावरच स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडतो आणि आवाज फाटका येतो, मग नवखा म्हणतो सेट खराब.

स्पेस स्टेशनसाठी मात्र स्कॅन नको. पास, म्हणजे ते आपल्या डोक्यावरून जाणं, दहाएक मिनिटांत संपतो, तेव्हा १४५.८०० वर बसून राहायचं आणि अँटेना हलवत राहायची.

आणि हो, मेनू ७ चं ड्युअल वॉच, म्हणजे ए आणि बी अशा दोन फ्रिक्वेन्सी आळीपाळीने ऐकणं. मी स्कॅन करताना ते बंदच ठेवतो. एकदा ए वर रिपीटर आणि बी वर सिम्प्लेक्स ठेवून बसलो होतो, उत्तर द्यायला पीटीटी दाबलं आणि पाच मिनिटं भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोललो, समोरचा बिचारा हाका मारतोय. बोलायच्या आधी डिस्प्लेवरचा बाण कुठे आहे तो बघायचा.

एचएफच्या (लांब पल्ल्याच्या) रिगवर हे काही करू नकोस, तिथल्या एसएसबी मोडवर स्क्वेल्च उघडाच असतो मग थांबायचं कशावर ते त्याला कळत नाही, ४० मीटरच्या बँडला सकाळी हाताने डायल फिरवलेला बरा.

चर्पची यादी झाली की इथे टाक, रिपीटरचा इनपुट चुकून रिसीव्हला गेलाय का ते बघून सांगतो. ७३ (म्हणजे शुभेच्छा).