घरच्या मायक्रोवेव्हमध्ये झिंक ऑक्साईडचे नॅनोपार्टिकल्स (अतिसूक्ष्म कण) खरंच बनतात का?

बनतात, मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला तेच केलंय. तुमचं म्हणणं असं की डिपार्टमेंटला साधा ओव्हन आहे, महागडा रिअ‍ॅक्टर नाही, आणि दरवेळी पार्टिकल साईज वेगळीच येते. ओव्हन चालतो, फक्त एकदा लॅबमध्ये वापरला की त्यात परत डबा गरम करायचा नाही म्हणजे नाही, आणि घट्ट झाकणाचं भांडं कधीच ठेवू नका, फुटतं.

आम्ही १.१ ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचो, स्टरर चालू ठेवून वरून सोडियम हायड्रॉक्साईड थेंब थेंब. आधी ताकासारखं पांढरं दिसतं मग घट्ट होत जातं. पीएच १० च्या आसपास आला की थांबा, घाईत जास्त बेस पडला तर साका परत विरघळायला लागतो, त्याचं झिंकेट हे विरघळणारं संयुग होतं. मग २० सेकंद ओव्हनमध्ये, बाहेर काढून ढवळायचं, परत २० सेकंद, असं करत एकूण चार-पाच मिनिटं. सलग ठेवलं तर दुधासारखं उतू जातं.

आता साईज का बदलते ते. हॉटप्लेटवर उष्णता भांड्याच्या तळातून आत येते, इथे पाण्याचे रेणू आणि आयन स्वतःच हलून तापतात, पटापट न्यूक्लिएशन होतं, म्हणजे एकदम खूप कणांची सुरुवात होते, आणि कण बारीक राहतात. पण ३० टक्के पॉवर ठेवली म्हणजे मंद आच असं नसतं हो! साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणारा भाग, तेव्हाही पूर्ण ताकदीनेच चालतो, काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, मग तुमच्या २० सेकंदांत नेमकी किती उष्णता गेली ते कसं कळणार? म्हणून फुल पॉवर ठेवा, वेळ स्टॉपवॉचवर मोजा, बीकर तोच, पाणी तेवढंच, थाळीवरची जागासुद्धा मार्करने खूण करून तीच.

धुण्यात कंटाळा करू नका. माझ्या पहिल्या एक्सआरडीत (एक्स-रेने पदार्थ ओळखायची चाचणी) झिंक ऑक्साईडचे ३१.८, ३४.४, ३६.२ अंशांचे पीक छान आले पण सोबत नको ते पीकही होते, सोडियम अ‍ॅसिटेट नीट धुतलंच गेलं नव्हतं. पुढच्या वेळी पाण्याने तीनदा आणि इथेनॉलने एकदा धुऊन दरवेळी सेंट्रिफ्यूज केलं (जोरात फिरवून पावडर तळाशी बसवली), तेव्हा ते गेले.

आणि धुतलेली पावडर शेवटी फर्नेसमध्ये (भट्टीत) तापवलीत, तर गरम क्रुसिबल, म्हणजे तापवायची वाटी, बाहेर काढल्यावर ती पिवळी दिसली तर सँपल फेकू नका, झिंक ऑक्साईड गरम असताना पिवळाच दिसतो, गार झाला की परत पांढरा होतो.