सतरा चोक अडुसष्ट म्हणता आलं पाहिजे

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं
(बाई साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवायच्या. पळायला लागल्या ४७ व्या वर्षी, आता ६१ च्या आहेत.)

प्रश्न: बाई, नमस्कार. वय ४६, पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. वडिलांना ५८ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. म्हणून १ जानेवारीपासून मैदानावर जायला लागलो. तिसऱ्या दिवशी चार फेऱ्या पळालो, दहाव्या दिवशी दहा. आता उजवी नडगी आतल्या बाजूने दुखते. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची पोरं असतात, त्यांच्यासमोर चालायची लाज वाटते. बायको म्हणते, या वयात गुडघे घालवून बसाल. सोडून देऊ का? – एक वाचक, तासगाव

उत्तर: सोडू नका. पण आज-उद्या पळूही नका.

आधी नडगीचं बघू. खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि हाडाची आतली कड अंगठ्याने वरून खाली दाबत जा. चांगला वीतभर पट्टा सगळाच हुळहुळत असेल, तर हाडाच्या कडेवर आणि तिला धरून असलेल्या स्नायूंवर ताण आलाय. हे नव्याने पळणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं. दुखायचं थांबेपर्यंत पळणं बंद. न दुखता जमेल तेवढं चाला, सायकल असेल तर ती चालवा. पण ‘इथेच दुखतंय’ असं एका बोटाने दाखवता येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मग ही पत्रापत्री बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

हे मी भोगलंय. माझ्याकडे तेव्हा पीटीच्या तासाचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते. त्यांच्यावरच मी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढाला रोज पळत गेले, अगदी रोज. पाचव्या आठवड्यात शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मुका मार असेल. मला तेच ऐकायचं होतं, मी पुन्हा पळाले. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे कळेपर्यंत माझा पाय प्लास्टरमध्ये गेला होता. दहावीचा वर्ग दीड महिना स्टुलावर बसून घेतला.

आता तुमचं गणित. दहा दिवसांत शून्यावरून दहा फेऱ्या, म्हणजे चारशे मीटरच्या मैदानावर चार किलोमीटर. दम टिकला म्हणून तुम्ही वाढवत गेलात, आणि फसगत तिथेच झाली. छाती आणि हृदय लवकर तयार होतात, काही आठवड्यांत फरक जाणवतो. हाड आणि टाचेमागची दोरखंडासारखी शीर यांना महिने लागतात. नव्या भाराखाली हाड आधी थोडं पोखरलं जातं, मग भरून निघतं. मधे सुट्टीचा दिवस नसेल तर पोखरणं चालू राहतं आणि भरायला कुणी येत नाही. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस पळा आणि दोन दिवस सलग नको.

किती पळायचं? दुखणं गेल्यावर पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. झालं, घरी या. दोन आठवडे एवढंच. शून्यातून पाच किलोमीटरवर नेणारा नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम जगभर वापरला जातो. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने तो तयार केला. त्यातही आठवड्याला तीनच दिवस आहेत. मला नऊच्या जागी चौदा आठवडे लागले. त्याचा हिशोब कुणी मागितला नाही.

आणि वेग. घड्याळ बघू नका, पाढा म्हणा. मोठ्याने. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट’, एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. एक्कावन्नलाच तोंड उघडं पडलं तर पाय आवरा. पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. हा वेग इतका हळू निघेल की चालणारे आजोबा तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या.

खरी अडचण हीच आहे, नडगी नाही. तुम्ही त्या पोरांना दाखवायला पळालात. ती पोरं सोळाशे मीटरची तयारी करतात, त्यांना सेकंदांवर मार्क आहेत आणि त्या मार्कांवर त्यांच्या घरचं पुढचं सगळं आहे. तुमच्याकडे बघायला त्यांना वेळ नाही. शाहू स्टेडियमवर मी पहिल्या दिवशी साडी नेसून आणि वर नवऱ्याचा स्वेटर घालून गेले होते. माझाच एक माजी विद्यार्थी तिथे धावत होता. तो जवळून जाताना फक्त ‘बाई, आतल्या लेनमधून बाजूला व्हा’ म्हणाला. अगदी रास्त बोलला. हळू चालणाऱ्या-पळणाऱ्याने बाहेरच्या लेनमध्ये राहायचं असतं.

वडिलांच्या हार्ट अटॅकचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मी मात्र त्यावर दोनदा थांबले. साखर उंबरठ्यावर, वजन जास्त, घरात हृदयविकार. पुन्हा सुरू करण्याआधी बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्या आणि पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट हवी का, हे डॉक्टरांना विचारा. पळताना छातीवर दडपण आलं, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत फेरी पूर्ण करायची नाही. थांबायचं, सोबत कुणालातरी घ्यायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

वहिनींना सांगा, माफक पळण्याने धड असलेले गुडघे झिजतात असं दिसून आलेलं नाही. गुडघ्यांना जास्त नडतं ते वाढलेलं वजन आणि मांडीचे लुळे पडलेले स्नायू. आधीच गुडघ्याला सूज असेल, पायऱ्या उतरताना तो लॉक होत असेल, तर गोष्ट वेगळी. पाऊल मात्र आखूड टाका. लांब ढांग टाकून टाच पुढे आपटली की दणका थेट वर जातो. आठवड्यातून दोन दिवस घरातच खुर्चीतून हात न टेकता दहा-बारा वेळा उठा-बसा, आणि जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करा. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी असते तेव्हा टाचा उचलते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झपाझप चालणंही त्यात धरलं जातं. तेव्हा या पळण्याच्या बंदीत तुमचं काही बुडत नाही.

प्रश्न: मी ३९ वर्षांची. सहा महिने झाले, आठवड्यातून तीन दिवस पळते. आधी जमत होतं, आता जिना चढूनही धाप लागते, केस गळतात. मैत्रीण म्हणते, प्रोटीन पावडर घे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पावडरीचा डबा आणण्याआधी सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की पंडुरोग (ॲनिमिया) धरतात. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, संकोच नको. थायरॉइडचंही विचारा. तोवर जेवणाला लागून चहा पिणं बंद करा. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. वरण-भातावर लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते. रिपोर्ट येईपर्यंत चाला. पळण्याचा हट्ट नको.

प्रश्न: भावोजी मुंबई मॅरेथॉन पळाले. मला तीन महिन्यांत जमेल का? सध्या काहीच करत नाही. वय ४१. – एक वाचक, बार्शी

उत्तर: नाही. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्याकडे गल्लीतल्या तीन किलोमीटरच्या शर्यतीच्या फ्लेक्सवरही तेच नाव असतं, म्हणून घोटाळा होतो. तीन महिन्यांत पाच किलोमीटर जमतील, आणि भावोजी त्याबद्दल जेवायला बोलावतील.

प्रश्न: वय ६३. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नाश्त्याआधी घेतो. गेल्या महिन्यापासून नाश्ता करून अर्धा तास हळू पळतो. घरी येईपर्यंत दोनदा हात थरथरले, घाम फुटला. कुणी म्हणतं अशक्तपणा, कुणी म्हणतं सवय होईल. – एक वाचक, कराड

उत्तर: सवय होऊ देऊ नका. तुमच्या वर्णनावरून साखर खाली जात असावी. ही गोळी साखर उतरवते आणि पळणंही उतरवतं, दोघं एकाच वेळी कामाला लागतात. पुन्हा तसं वाटलं की जागच्या जागी बसा, ग्लुकोमीटर असेल तर बघा. ७० च्या खाली म्हणजे कमी. लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साताऱ्याची असूनही सांगते, खिशात कंदी पेढा ठेवू नका. खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते, आणि तेव्हा तुमच्याकडे वेळ नसतो. साध्या साखरेची पुडी बरी.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. डॉक्टरांना ‘मी पळायला लागलोय’ हे मुद्दाम सांगा. मात्रा कमी करायची की वेळ बदलायची, ते ठरवतील. तोपर्यंत एकटे पळू नका, आणि बुटांत पाय घालण्याआधी व काढल्यावर तळवे बघा. मधुमेहात पायाला फोड आलेला कळेलच असं नाही.

आठवडाभराचे आकडे वहीत लिहा: पळण्याआधीचा, आल्यावरचा, गोळीची वेळ आणि नाश्त्यात काय होतं ते. वही मला नको, डॉक्टरांना दाखवा.