अडीच वर्षांच्या मुलीसाठी वसंतातले स्पर्श-वासाचे सोपे खेळ कोणते? (आम्ही रत्नागिरीला राहतो)

विकतचं काही आणू नका. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे अंगणातच सगळं मिळतं.

सुरुवात सावरीच्या फुलांपासून करा. झाडाखाली पडलेली ताजी फुलं वेचून आणा. पाकळ्या जाड, मांसल असतात, लहान हातांना सहज धरता येतात. मोठ्या परातीत चार बोटं पाणी घ्या, फुलं सोडा आणि हातात एक पळी द्या. बुडवणं, काढणं, पिळणं, पाकळ्या तोडणं, एवढ्यावर मूल तासभर रमतं. पळसाची फुलं मिळाली तर रात्री कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी पिवळं-केशरी पाणी तयार होतं, त्यात जुना पांढरा रुमाल बुडवू द्या.

वासासाठी सुरंगीचा वळेसर (सुरंगीच्या सुवासिक फुलांचा गजरा), चुरगळलेलं तुळशीचं पान आणि कोकमाचं आमसूल तीन वाट्यांत ठेवा. मुलीने डोळे मिटून हुंगायचं. हा खेळ मला सर्वांत आवडतो, कारण मुलं चेहऱ्यानेच उत्तर देतात!

वाळूही चालेल, पण बारीक शिंपले आधी चाळून काढा. या वयात सगळं तोंडात जातं. ओल्या काजूबिया मात्र अजिबात देऊ नका. त्यांच्या सालातल्या तेलाने कातडी भाजते. कैरीच्या देठाचा चीकही तसाच, म्हणून कैरी धुऊन, देठ कापूनच हातात द्या. आणि पाणी परातीत कितीही थोडं असलं, तरी मुलीला एकटी सोडून आत जाऊ नका.