फार्महाऊस सिंक घेताय? शनिवारी ग्रॅनाइट कापू नका

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. ३३ इंची फार्महाऊस सिंक, म्हणजे ओट्याची कड कापून पुढची बाजू उघडी दिसेल असं बसवायचं सिंक, तुम्ही बुक केलंय, यायला दोन आठवडे आहेत, पण ड्रॉइंग हातात आहे म्हणून ग्रॅनाइटवाला शनिवारी कटिंग करून देतो म्हणतोय. सिंक फायरक्लेचं (भाजलेल्या मातीचं) घ्यावं की स्टीलचं, हा तुमचा मूळ प्रश्न नंतर बघू. आधी त्याला फोन करा आणि शनिवार रद्द करा.

तीन वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नेमकं हेच केलं. डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवलं, खाली लिहिलं, "हे ग्रॅनाइटवाल्याला द्या." मी दिलं. ८३८ मिलिमीटरची जागा सोडून ओटा बसला, कडांना पॉलिश झालं, टाइल्सही लागल्या. आठवड्याने सिंक आलं ते ८४९ भरलं. मी तीनदा मोजलं. सुताराने त्याच्या टेपने मोजलं. ११ मिलिमीटर जास्त ते जास्तच.

फायरक्ले म्हणजे शेवटी भाजलेली माती. वाळताना आणि भट्टीत ती आकसते, आणि प्रत्येक नग सारखाच आकसेल असं नाही. घरातल्या लोणच्याच्या दोन बरण्यांची झाकणं अदलाबदल करून पाहा, कळेल. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हेही खरं.

मग मिस्त्री म्हणाला, "साहेब, जागेवरच घासून देतो." इथे मी नाही म्हणायला हवं होतं. ग्राइंडर सुरू झाला, काळी धूळ पार पिठाच्या डब्यापर्यंत गेली, आणि सिंकच्या मागची ग्रॅनाइटची पट्टी नळाच्या भोकापाशी टचकन तडकली. या सिंकला ओट्याची पुढची कड पूर्ण कापावी लागते. ओटा २४ इंच, सिंक २० इंच, म्हणजे मागे उरते चार इंचांची पट्टी, आणि त्यात पुन्हा नळाचं भोक. ती तडकणारच होती. उजव्या बाजूचा अख्खा तुकडा काढावा लागला. नवा दगड दुसऱ्या लॉटचा आला. सकाळी पूर्वेकडून ऊन आलं की आमचा ओटा आजही दोन रंगांचा दिसतो. १९ हजार त्यात गेले, आणि २४ दिवस बायकोने मागच्या बाल्कनीतल्या मोरीवर बसून भांडी घासली. त्या दिवसांबद्दल घरात अजून बोलायची सोय नाही.

डीलरकडे तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा, "कंपनीचा माणूस येऊन बघेल." कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा, "फोटो मेल करा." केले, सतरा. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या मुलाने कोटेशनचा कागद उलटा करून मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ दाखवली: मापात दोन टक्क्यांपर्यंत फरक ग्राह्य. ८३८ चे दोन टक्के म्हणजे जवळजवळ १७ मिलिमीटर, म्हणजे माझे ११ त्यांच्या हिशोबात बसत होते. कागदावर तो बरोबर होता. पण मग ते ड्रॉइंग ग्रॅनाइटवाल्याला द्या म्हणून पाठवलं कोणी? तुमच्याच दुकानाने ना? त्यावर "सर, ते रेफरन्ससाठी असतं." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. दुकानाकडून उत्तर आलं, त्यात तीच ओळ. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण मी काही वकील नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर माझी भांडायची हौस संपली होती. तुम्ही मात्र कोटेशनची मागची बाजू आजच वाचा.

आता तुमचा मूळ प्रश्न, फायरक्ले की स्टील. हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंची पितळी पातेली आणि तांब्याचा हंडा रोजच्या वापरात आहे. भांडी बाजारातून घेतलेलं ते वजनदार पितळ हातातून सटकून फायरक्लेवर पडलं की एक तर सिंकचा टवका उडतो किंवा भांड्याला पोचा येतो. स्टीलच्या भांड्यांचे करडे ओरखडे उठतात ते वेगळंच. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेल्या क्लीनिंग पावडरने निघतात, पण मावशी तारेची घासणी घेऊन भिडल्या की चकाकीच जाते. तळाला स्टीलची जाळी ठेवता येते. आमच्याकडे ती आठवडाभर टिकली, कारण खाली भाताची शितं अडकतात.

म्हणून मी तरी ३०४ ग्रेडचं (सहजी न गंजणारं), १६ गेजचं (जाड पत्र्याचं), पुढून तसाच सपाट दर्शनी भाग असलेलं स्टीलचं सिंक घेईन. दिसायला तेवढं गोड नाही, मान्य. पण मापात येतं आणि वजनाला हलकं असतं. फायरक्ले नुसतंच पन्नास किलोच्या पुढे जातं. त्यात काठोकाठ पाणी भरलं तर आणखी ७०-७५ लिटर, म्हणजे सव्वाशे किलोचा मामला. ते प्लायच्या बॉक्सवर ठेवायचं नाही, मॉड्युलरवाला कितीही छातीठोकपणे सांगो. खाली कडप्पा किंवा लोखंडी अँगलची फ्रेम हवी. तुमचा जुना विटांचा आणि कडप्प्याचा ओटा असेल तर तो फोडायची घाई करू नका, या कामाला तोच बरा.

पांढरं फायरक्लेच हवं असेल तर घ्या, आमचं अजून आहे आणि दिसतं छानच. फक्त खोली ८ इंचांच्या वर नको. आमचं १० इंची आहे, आईची उंची पाच फूट, तिला तळ घासायला अर्धं आत वाकावं लागतं. शिवाय सिंक खोल गेलं की भिंतीतला आउटलेट वर राहतो आणि पाण्याला उतार मिळत नाही. टाइल्स लागायच्या आधी प्लंबरला एकदा उभं करा. त्याच फेरीत नळ भिंतीतून घ्या, म्हणजे मागच्या पट्टीला भोक पाडावं लागणार नाही. सिंकचा पुढचा भाग खालच्या कपाटाच्या दाराच्या थोडा पुढे येऊ द्या, नाहीतर ओघळ थेट दारावर. सांधे भरायचं सिलिकॉन न्यूट्रल मागा, व्हिनेगरसारखा वास येणारं दगडाला नको. आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग पडणार, त्याला लिंबूसत्व पुरतं.

सिंक घरी आलं की टेम्पोवाल्यासमोर खोका उघडा, मगच सही करा. मग रुंदी तीन ठिकाणी मोजा: पुढे, मध्ये, मागे. पुढची बाजू सरळ आहे का ते पट्टी लावून बघा, आमची मधोमध जराशी फुगलेली निघाली. ग्रॅनाइटवाल्याला घरी बोलावून त्याच्याकडून प्रत्यक्ष सिंकवर पुठ्ठ्याचा फर्मा काढून घ्या. तो कटकट करेल, एक फेरी वाढते म्हणून पाचशे जास्त मागेल. द्या.

तीनही मापं आली की इथे टाका, बघतो.