सहा टक्क्यांचा हिशेब

प्रिय,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘मावशी, ६%. रेटिंग ३. वर्षभर मरमर मरून हे?’ आणि खाली पगारवाढीच्या पत्राचा फोटो. तेव्हा फोन केला नाही, कारण त्या रात्री तुला काही ऐकून घ्यायचं नव्हतं. आता सावकाश लिहिते.

आधी आकडा बघू. पत्रात ६% ठळक छापलंय, पण ते सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षभरात करते त्या सगळ्या खर्चावर. तुझी सीटीसी ७,२०,०००, म्हणजे वाढ वर्षाला ४३,२०० आणि महिन्याला ३,६००. त्यातले १०% व्हेरिएबल, म्हणजे ३६० रुपये. कंपनीचं वर्ष बरं गेलं तर मिळतील. तू पाठवलेल्या स्लिपवर बेसिक सीटीसीच्या ४०% दिसतंय आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापलाय. कंपनीचा १२% वाटा सीटीसीतच धरलेला, तुझा १२% पगारातून, दोन्ही मिळून या वाढीतले साधारण ३४५. ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून आणखी ७० रुपये, जे तू ५ वर्षं सलग टिकलीस तर दिसतील. हातात पडतात २,८०० आणि वर थोडी चिल्लर. (पीएफ तुझाच पैसा आहे, त्याच्या नावाने खडे फोडू नकोस.) त्यात घरमालकाने ११ महिन्यांचा करार नव्याने करताना भाडं १०% वाढवलं, तुझ्या वाट्याचे १२,००० चे १३,२०० झाले. उरले सोळाशे.

राग कशावर काढायचा ते या आकड्याकडे बघून ठरव, पत्रातल्या ठळक टक्क्याकडे बघून नाही.

आता रेटिंग. तुझी समजूत अशी दिसते की मॅनेजरने केबिनमध्ये बसून तुझ्या नावापुढे ३ लिहिले. मोठ्या कंपनीत तसं होत नाही. तो त्याचा आकडा भरतो, आणि मग एक बैठक होते. तिला कुठे कॅलिब्रेशन म्हणतात, कुठे नॉर्मलायझेशन. मी अशा बैठकांना वीसेक वर्षं बसले आहे. त्यातली एक सांगते, कंपनीचं नाव विचारू नकोस.

हिंजवडीतली काचेची मीटिंग रूम, आम्ही सात मॅनेजर, एचआरची एक बाई आणि भिंतीवर एक्सेल. एका माणसाची एक ओळ. रेटिंगच्या रकान्याखाली वरच्या दोन श्रेणींतल्या लोकांची टक्केवारी दिसायची आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ती लाल व्हायची. लालच होती. दुपारचे अडीच वाजले होते, डबे डेस्कवर पडून होते. एचआर म्हणाली, ‘अजून दोन नावं खाली आणा, मग तुम्हाला सोडते.’

माझ्या टीममधला एक मुलगा रात्रीचा प्रॉडक्शन सपोर्ट सांभाळायचा, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम बंद पडू नये हे बघायचा. वर्षभरात त्याच्या सिस्टीमबद्दल क्लायंटची एक तक्रार आली नव्हती. आणि घोडं तिथेच अडलं, कारण जे घडलंच नाही ते सांगायचं कसं? मी म्हणाले, ‘फार सिन्सिअर मुलगा आहे, हार्डवर्किंग आहे.’ शेजारचा मॅनेजर त्याच्या टीममधल्या मुलीबद्दल म्हणाला, ‘हिने बिलिंगचा रात्री चालणारा प्रोग्राम सहा तासांवरून चाळीस मिनिटांवर आणला, क्लायंटचा मेल आहे.’ बस्स. खाली यायचं पहिलं नाव माझ्या टीममधल्या मुलाचं ठरलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याला मीच सांगितलं. तो ‘ठीक आहे मॅडम’ म्हणाला आणि लॅपटॉप उचलून गेला. ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा टाकला. नंतर एकदा मी त्याचा सेल्फ अप्रेझलचा फॉर्म पुन्हा उघडला. सहाच्या सहा रकान्यांत त्याने ‘ॲज पर रोल’ लिहून ठेवलं होतं. तरीही चूक माझीच, कारण त्याच्या रात्रींचा हिशेब माझ्याकडे असायला हवा होता. पण माझ्याखाली तेव्हा बावीस माणसं होती. तुझ्या मॅनेजरकडे किती आहेत ते मोज.

ही माणसं रांगेत लावायची कल्पना गाजवली जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी. ते १९८१ ते २००१ कंपनीचे प्रमुख होते. वरचे २०%, मधले ७०% आणि खालचे १०%, आणि त्या खालच्यांना घरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टमध्येही अशी सक्तीची उतरंड होती, ती त्यांनी २०१३ मध्ये मोडीत काढली. तुमच्या इंडक्शनमध्येही ‘आमच्याकडे बेल कर्व्ह नाही’, म्हणजे कोणत्या श्रेणीत किती टक्के लोक हे आधीच ठरवणारा वक्र नाही, असं सांगितलं असेलच. नसेलही. पण पगारवाढीची थैली आधीच शिवलेली असते. वर कुणीतरी या युनिटला इतके पैसे असं ठरवतं, तेव्हा त्यांना तुझं नावही माहीत नसतं. एकाच्या पारड्यात जास्त टाकलं की दुसऱ्याच्या पारड्यातून काढावं लागतं. वक्र काढून टाकला तरी हे बदलत नाही.

त्या खोलीत तू नसतेस. तुझ्या वतीने तिथे एखाद-दुसरं वाक्य बोललं जातं, आणि ते आयतं मॅनेजरच्या तोंडात घालणं हे तुझं काम. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढून दोन ओळी लिही. आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. कोणता घोटाळा होता होता राहिला, आणि कुणामुळे. क्लायंटचा मेल आला की वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. मार्चमध्ये फॉर्म उघडल्यावर एप्रिलमधलं काम आठवायला बसशील तर शेवटचे दोन महिनेच आठवतील, मॅनेजरचंही तसंच होतं. ‘मेहनती’ हा शब्द फॉर्ममध्ये कुठेही नको. तो आम्ही दुसरं काही सुचत नसलं की वापरतो.

आणि बोलणं नोव्हेंबर-डिसेंबरात कर. पत्र हातात पडल्यावरची चर्चा म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं. तेव्हा मॅनेजर फार तर सहानुभूती देतो. डिसेंबरात त्याच्या हातात अजून थोडं काही असतं. त्याला सरळ विचार, ‘पुढच्या ग्रेडला जायला माझ्यात काय कमी आहे, आणि ते भरून काढलं तर कोणत्या अप्रेझल सायकलला माझं नाव टाकाल?’ उत्तर मिळालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकून ठेव. नुसत्या वार्षिक वाढीने आयुष्य बदललेलं मी पाहिलं नाही. ग्रेड बदलली किंवा कंपनी बदलली की उडी दिसते.

शेजारच्या मुलाला ९% मिळाले हे त्या बोलण्यात काढू नकोस. त्याचं उत्तर मॅनेजरला देता येत नाही, आणि देता येत नसलं की माणूस चिडतो. भाडं वाढल्याचं मला सांग, त्याला नको. तो खर्चाचे पैसे देत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, ‘सोडू का?’ आज नको. शोधायला बंदी नाही, पण तुझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि गेल्या वर्षाचं व्हेरिएबल अजून खात्यात यायचंय, त्याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून मग तारखा लाव. दुसरी ऑफर हातात आली आणि इथल्यांनी थांबवायला पैसे वाढवले तर हुरळून जाऊ नकोस. अशा काउंटर ऑफर मीही दिल्या आहेत, आणि देतानाच त्या जागेसाठी दुसरा माणूस बघायला सुरुवातही केली आहे. डिसेंबरातल्या तुझ्या प्रश्नाला नुसतं ‘बघू या’ असं उत्तर आलं, तर मात्र जानेवारीत रेझ्युमे बाहेर काढ. मी तुला अडवणार नाही.

सध्या एवढंच कर. या आठवड्यात मॅनेजरकडे अर्धा तास माग, आणि मागण्याचा मेल पाठवण्याआधी मला दाखव. मी त्यातली ‘मला असं वाटतं की’ने सुरू होणारी वाक्यं खोडून देईन.

तुझी,
मावशी